मुदत सरलेलें नांव

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांतील वांगणीसारख्या गांवीं राहणाऱ्या, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त मास्तरानें इंटरनेटवरील नांवांविषयीं बोलावें, हें थोडें विपरीतच. पण ज्याचा पाय कांट्यावर पडला त्यालाच कांटा कोठें आहे तें सांगतां येतें. माझा अधिकार काय तो एवढाच.

प्रथम नांवाचीच गोष्ट घेऊं. वांगणी म्हटलें कीं मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें बदलापूरच्या पलीकडचें, कर्जतच्या वाटेवरचें रेल्वे स्टेशन उभें राहतें. आमची वांगणी ती नव्हे. आमच्याकडे रेल्वे नाहीं. पण या दोन वांगण्यांमुळें टपालखात्याचें कांहीं अडत नाहीं. पत्त्यावर तालुका, जिल्हा आणि पिनकोड लिहिला कीं पत्र बिनचूक येतें. एका नांवाचीं दोन गांवें, दोन माणसें, दोन दुकानें या जगांत सुखानें नांदतात. इंटरनेटवर मात्र तसें नाहीं. तेथें '.कॉम' किंवा '.इन' अशा एका प्रत्ययाखालीं एक नांव एकालाच मिळतें. 'प्रथम येईल त्यास' हा तेथला न्याय आहे.

असें कां, तें थोडक्यांत सांगतों. संगणक एकमेकांना अंकांनीं ओळखतात. माणसाला अंकांच्या लांबलचक माळा पाठ होत नाहींत. म्हणून १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें नांवावरून अंक शोधून देणारी एक व्यवस्था आंखली. तीच, पुष्कळ वाढून, आज चालू आहे. अशा नांवाला 'डोमेन नांव' म्हणतात. '.कॉम' या प्रत्ययाखालचें पहिलें नांव १५ मार्च १९८५ रोजीं एका संगणक कंपनीनें नोंदविलें; आज तशीं पंधरा कोटींहून अधिक नांवें आहेत. आरंभीं नोंदणी फुकट होती. सप्टेंबर १९९५ मध्यें वर्षाला पन्नास डॉलर फी सुरू झाली. आपल्या देशांत विदेश संचार निगमनें सर्वसामान्यांना इंटरनेट खुलें केलें तें त्याच वर्षीं १५ ऑगस्टला. म्हणजे आपण उंबरठ्यावर पाऊल ठेवलें, आणि महिन्याभरांत दारावर जकात बसली!

फी आली म्हणजे मुदत आली. आपण म्हणतों 'नांव विकत घेतलें'. पण तें खरें नव्हे. नांव विकत मिळत नाहीं, भाड्यानें मिळतें. फार तर एका वेळीं दहा वर्षांची फी भरून ठेवतां येते. जुन्या काळीं आपल्याकडे शेतकऱ्यांत मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते. मिरासदार दुष्काळानें परागंदा झाला तरी परत येऊन आपली जमीन मागण्याचा त्याचा हक्क दीर्घ काळ शाबूत मानीत. उपऱ्याचा करार मुदतीपुरता; मुदत सरली कीं संबंध संपला. श्रोतेहो, इंटरनेटवर राव असो वा रंक, आपण सारे उपरी आहों. हें मला फार उशिरां कळलें, आणि कळण्याची किंमत माझ्या एकट्याच्या पदरची नव्हती.

सुमारें आठ वर्षांपूर्वीं माझ्या कांहीं जुन्या विद्यार्थ्यांनीं एक संकेतस्थळ सुरू केलें. आमच्या भागांत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी असे निरनिराळे समाज राहतात आणि प्रत्येकाची बोली निराळी आहे. मुलांनीं घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून शब्द गोळा केले. भाताच्या आणि नागलीच्या जुन्या वाणांचीं नांवें, रानभाज्यांचीं नांवें, लग्नांत धवलेरी जीं गाणीं म्हणतात त्यांतले शब्द, बोहाड्याच्या मुखवट्यांचीं नांवें, तारप्याच्या निरनिराळ्या चालींचीं नांवें. सगळें वह्यांत उतरवून मग तें संकेतस्थळावर घातलें. शाळेच्या भिंतीवर मुलींनीं गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगानें तारप्याचा फेर काढला आणि त्याखालीं मोठ्या अक्षरांत त्या संकेतस्थळाचें नांव लिहिलें. आम्हीं छापलेल्या छोट्या पुस्तिकेवरहि तें होतें. पुढें दूरच्या महाविद्यालयांतील अभ्यासकांनीं आपापल्या लेखांत त्याचा निर्देश केला. ज्या आजींनीं वाणांचीं नांवें सांगितलीं होतीं त्यांना त्यांच्या नातवानें मोबाईलवर त्यांचाच फोटो दाखविला, तेव्हां त्या कितीतरी वेळ कांहीं न बोलतां पाहत राहिल्या.

नांवाची नोंद एका विद्यार्थ्यानें स्वतःच्या नांवें केली होती. फी त्याच्या बँकेच्या कार्डावरून दरवर्षीं आपोआप जात असे. मग त्याची नोकरी बदलली, कार्डाची मुदत संपली, आणि ज्या ई-मेलवर सूचना येत तो जुन्या कचेरीचा पत्ता बंद झाला. नोंदणी करणाऱ्या कंपनीला दोष देतां येणार नाहीं. मुदतीपूर्वीं सुमारें एक महिना आणि सुमारें एक आठवडा अशा दोन सूचना, आणि मुदत संपल्यावर पांच दिवसांच्या आंत तिसरी सूचना द्यावी, असा २०१३ पासून जागतिक नियम आहे. त्या तिन्ही निघाल्या असतील. पण रिकाम्या घराच्या दारावर पोस्टमन कितीहि वेळां हांक मारो, ती ऐकणार कोण?

मुदत मे महिन्यांत संपली. आम्हांला कळलें जुलैंत, पावसाळा ऐन भरांत असतां. एका अभ्यासकानें 'तुमचें पान उघडत नाहीं' असें कळविलें तेव्हां. त्यानंतर जें मीं शिकलों तें आपणांस क्रमानें सांगतों, कारण प्रत्येक घरांत आज असें एखादें नांव आहे. दुकानाचें, दवाखान्याचें, संस्थेचें, नाहीं तर मुलाच्या धंद्याचें.

'.कॉम'सारख्या नांवाची मुदत संपली म्हणजे तें लगेच मोकळें होत नाहीं. पहिले फार तर पंचेचाळीस दिवस सवलतीचे. त्या काळांत बहुधा नेहमींची किंवा थोडी अधिक फी भरून नांव परत घेतां येतें. मात्र हे दिवस किती द्यावयाचे तें नोंदणी करणाऱ्या कंपनीवर अवलंबून असतें, आणि कांहीं कंपन्या याच काळांत तें नांव लिलावांत काढतात. तसें झालें तर तें बाजारांत मोकळें होतच नाहीं. आंतल्या आंत हातबदल होतो. ग्राहक न मिळाल्यास नांव रद्द होऊन सोडवणुकीच्या तीस दिवसांत जातें. या तीस दिवसांत तें फक्त मूळ धन्यालाच परत मिळूं शकतें, पण दंड भरून. त्यानंतर पांच दिवस असे कीं कोणालाहि कांहीं करतां येत नाहीं. आणि मग तें नांव मूळ दप्तरांतून खोडलें जातें व जगाला मोकळें होतें.

आमचें नांव आम्हांला कळलें तेव्हां सोडवणुकीच्या काळांत होतें. वर्षाची फी हजार रुपयांच्या आंतली. सोडवणुकीसाठीं कंपनीनें आठ हजारांहून अधिक रक्कम सांगितली. विद्यार्थी म्हणाले, "गुरुजी, वर्गणी काढूं." मीं नको म्हटलें. एवढ्या पैशांत शाळेला दोन कपाटें येतील, असा माझा हिशोब. शिवाय, तीस आणि पांच मिळून पस्तीस दिवस थांबलें कीं तेंच नांव नेहमींच्या फींत मिळणार; मग दंड कां भरावा? आपलें हें आडवळणाचें नांव दुसरा कोण घेणार? श्रोतेहो, आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकविलें. पण या उदाहरणांत मीं एक पद धरलेंच नव्हतें.

ठरलेल्या दिवशीं दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी जव्हारला एका ओळखीच्या संगणकाच्या दुकानांत बसलों. अमेरिकेंत दुपार असतांना हीं नांवें मोकळीं होतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीं साडेअकराच्या सुमारास. बाहेर श्रावणाची झड लागलेली. तीन यंत्रांवर नांव आधींच टंकून ठेवलें होतें आणि एकेकजण पुन्हां पुन्हां बटण दाबीत होता. 'उपलब्ध नाहीं', 'उपलब्ध नाहीं' असें उत्तर येत होतें. आम्हांला वाटलें, अजून सुटलें नाहीं. पाऊण तासानें एकानें नोंदवही उघडून पाहिली. नांव सुटून गेलें होतें, आणि ज्या सेकंदाला सुटलें त्याच सेकंदाला परदेशांतील दुसऱ्याच कोणाच्या नांवावर चढलें होतें.

हें कसें होतें? मूळ दप्तराकडे नोंदणीची मागणी कोणीहि थेट पाठवूं शकत नाहीं. ती मान्यताप्राप्त नोंदणीदारांमार्फतच जाते. प्रत्येक नोंदणीदाराला दप्तराशीं बोलण्याच्या तारा मोजक्याच दिलेल्या असतात. सुटणारीं नांवें झेलणें हाच ज्यांचा धंदा, त्या कंपन्यांनीं अशा शेंकडों मान्यता निरनिराळ्या नांवांनीं घेऊन ठेवल्या आहेत, म्हणजे तारा शेंकडों पटींनीं वाढतात. त्यांचे प्रोग्रॅम कोणतीं नांवें कोणत्या दिवशीं सुटणार याची यादी घेऊन बसलेले असतात आणि सेकंदाच्या शतांशांत मागणी नोंदवितात. जत्रेंत उंचावरून नारळ सोडावा, खालीं शंभर हात पसरलेल्या एका माणसानें तो झेलावा, आणि बाजूला उभ्या असलेल्या दोन हातांच्या माणसाला म्हणावें, 'तूं प्रथम कां आला नाहींस?' तशांतला हा प्रकार.

पण आमचें नांव कोणाला कशाला हवें? हेंहि मला मागाहून उमगलें. शब्दार्थासाठीं तें कोणालाच नको होतें. त्या नांवाकडे बोट दाखविणारे दुवे ठिकठिकाणच्या अभ्यासकांच्या पानांवर होते. शोधयंत्रांच्या दृष्टीनें त्या दुव्यांना पत आहे. आठ वर्षें मुलांनीं पायपीट करून जी पत मिळविली ती नांवाला चिकटलेली होती. नांवाबरोबर ती गेली. प्रथम तेथें 'हें नांव विक्रीस आहे' अशी पाटी लागली. किंमत अडीच हजार डॉलर. पुढें दोन महिन्यांनीं पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती दिसूं लागल्या. तें नांव मी येथें उच्चारीत नाहीं. आपणांपैकीं कोणी कुतूहलानें तेथें जाऊं नये.

आणि शाळेच्या भिंतीवर तें नांव होतें. मुलें आतां घरच्या मोबाईलवर तें टंकीत. मुख्याध्यापकांनीं मला बोलावून घेतलें आणि मीं स्वतः चुन्याची बादली घेऊन गेलों. तारप्याचा फेर तसाच ठेवून खालचीं अक्षरें पुसूं लागलों, तेव्हां चौथींतील एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, आपलंच नाव आपण का पुसतो?" मला पटकन् उत्तर देतां आलें नाहीं. आठ हजार रुपये वांचविण्याचा माझा निर्णय त्या चुन्याखालीं गेला असें मात्र वाटलें नाहीं. तो अजून तेथें स्पष्ट दिसतो.

यावर कायदा नाहीं काय? आहे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानें १९९९ मध्येंच रेडिफ कंपनीच्या बाजूनें आदेश देऊन, तिच्या नांवाचें एकच अक्षर बदलून घेतलेलें नांव वापरण्यास प्रतिपक्षास मनाई केली. २००४ सालीं सत्यम इन्फोवेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें डोमेन नांवाला व्यापारी चिन्हाप्रमाणें संरक्षण मिळूं शकतें असें सांगितलें. '.कॉम'सारख्या नांवांचे तंटे सोडविण्याची जागतिक पद्धति १९९९ पासून आहे आणि '.इन' नांवांसाठीं आपल्या देशाची स्वतंत्र पद्धति आहे. पण या सर्वांत फिर्यादीनें साधारणतः तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नांवावर आपला हक्क आहे, समोरच्याचा रास्त संबंध नाहीं, आणि त्याचा हेतु वाईट आहे. आमच्या नांवाची कोठें व्यापारी नोंद नव्हती, आणि तक्रारीचा खर्च आठ हजारांत भागणारा नव्हता. ज्याला दंड जड वाटला त्यानें दावा कसा चालवावा?

भूल केवळ खेड्यांतल्या मास्तरांनाच पडते असें मात्र नाहीं. १९९९ च्या डिसेंबरांत, ऐन नाताळांत, खुद्द मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या नांवाची फी भरण्यास विसरली आणि तिच्या ई-मेल सेवेचा अनेकांस खोळंबा झाला. अमेरिकेंतील मायकेल चेनी नांवाच्या एका प्रोग्रॅमरनें स्वतःच्या खिशांतून पस्तीस डॉलर भरून तें नांव चालू केलें. तें सवलतीच्या दिवसांत होतें, आणि पाहणारा माणूस सज्जन होता. या दोन गोष्टी जुळल्या म्हणून निभावलें.

आतां न्यायाची गोष्ट बोलूं. मुदत असूंच नये असें मी म्हणत नाहीं. मुदत नसती तर मेलेल्या कंपन्यांनीं आणि विसरलेल्या हौशी लोकांनीं जगांतलीं सारीं नांवें कायमचीं अडवून ठेवलीं असतीं. टाकलेली वस्तु सार्वजनिक व्हावी आणि गरजवंतास मिळावी, हा नियम योग्यच आहे. माझें म्हणणें एवढेंच कीं, ती खरोखर सार्वजनिक होत नाहीं. दार सर्वांना उघडें आहे असें सांगावयाचें, आणि तें एका सेकंदाच्या शतांशापुरतेंच उघडावयाचें, याला उघडणें म्हणत नाहींत. सुटलेलें नांव एक दिवस मोकळें ठेवून जितक्यांनीं मागितलें तितक्यांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. गांवच्या पंचांना सुचेल अशी ही साधी युक्ति आहे. वेग हा हक्काचा पुरावा कां व्हावा?

तें होईल तेव्हां होवो. तोंवर सांवध राहणें आपल्या हातीं आहे. आपल्या घरचें किंवा संस्थेचें नांव कोणाच्या नांवें नोंदलेलें आहे, तें आजच पाहावें. तें एखाद्या होतकरू पुतण्याच्या किंवा पाटी लावून देणाऱ्या कारागिराच्या नांवें असेल तर आपल्या नांवें करून घ्यावें. सूचना येणारा ई-मेल नोकरीच्या ठिकाणचा नसावा, आणि त्याच नांवावर चालणाराहि नसावा, कारण नांव गेलें कीं तो पत्ताहि जातो. याहून मोठा धोका असा कीं, नांव ज्याच्या हातीं जातें त्याला त्या नांवावर येणारीं पत्रेंहि मिळूं शकतात. तो पत्ता आपण बँकेंत किंवा इतर खात्यांत दिला असेल, तर तेथील कुलपांच्या किल्ल्याहि त्याच्याकडे जातील. म्हणून संस्था बंद झाली तरी नांवाची फी आणखी कांहीं वर्षें भरीत राहावें. हा खर्च नव्हे; जुन्या घराला कुलूप ठेवणें आहे.

दुसरें असें कीं, एखादें नांव काल विश्वासाचें होतें म्हणून आज तें तसेंच असेल असें धरूं नये. रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं सर्व बँकांना '.बँक.इन' या राखीव प्रत्ययाखालीं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत जाण्यास सांगितलें, त्यामागें फसवणूक टाळण्याचाच हेतु आहे. तो प्रत्यय बँकेखेरीज कोणास मिळत नाहीं. मात्र बँकांनीं आपलीं जुनीं नांवें आतां निरुपयोगी म्हणून सोडून देऊं नयेत, एवढें माझ्यासारखा पोळलेला माणूस अवश्य सुचवील.

आमचें पुढें काय झालें तें सांगून संपवितों. २०१४ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस आमचा पालघर जिल्हा निराळा झाला, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस देवनागरींतील '.भारत' हा प्रत्यय खुला झाला. मराठींत नांव लिहावें, मराठींतच टंकावें, अशी ती सोय. आम्हीं त्या प्रत्ययाखालीं नवें नांव घेतलें आहे. फी पांच वर्षांची एकदम भरली. नोंद मंडळाच्या नांवें केली आणि मुदतीची तारीख तीन घरांत, पंचांगाच्या शेजारीं, भिंतीवर लिहून ठेविली. शब्द सुदैवानें गेले नव्हते. मुलांच्या वह्या माझ्या ट्रंकेंत होत्या. कागदाला वाळवी लागते हें खरें, पण त्याची मुदत सरत नाहीं. त्या वह्यांवरून मुलें आतां पुन्हां एकेक शब्द चढवीत आहेत. ज्या आजींनीं वाणांचीं नांवें दिलीं होतीं त्या मधल्या काळांत वारल्या. त्यांचें पान आम्हीं सर्वांत आधीं घातलें.

शाळेची भिंत अजून कोरी आहे. नवें नांव तेथें लिहावें असा मुलींचा आग्रह आहे. मीं त्यांना म्हटलें, "अवश्य लिहा, पण खालीं मुदतीची तारीखहि लिहा." येत्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं तें काम व्हावयाचें आहे.